डागडुजीची भाषा

वास्तूंचा इतिहास आपण बहुधा बांधणाऱ्यांच्या नावाने वाचतो. देऊळ अमुक राजाचे, वाडा तमुक सरदाराचा, कचेरी इंग्रजी अमदानीतली, एवढे सांगितले की इतिहास संपला असे आपणांस वाटते. पण कोणतीही मोठी सार्वजनिक वास्तू बांधून होते एकदाच, आणि त्यानंतर शेकडो पावसाळे ती कोणीतरी राखावी लागते. या राखणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला नाही, याचे एक कारण भाषेत आहे, असे आम्हांस वाटते. खानदेशातील दोन उदाहरणांवरून हे म्हणणे तपासून पाहू.

पहिले उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाचे. शके ११२८ म्हणजे इ. स. १२०६च्या सुमाराचा हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले. लेखातील वंशवर्णन, विद्येची थोरवी, राजांची स्तुती हे सारे संस्कृतात आहे. शेवटी मात्र लेख एकाएकी मराठीवर येतो. बाजारातील मालावरच्या हक्काचा कोणता भाग मठाला द्यायचा, घाण्यामागे तेलाचे किती माप, असा रोखठोक तपशील तेथे आहे. गौरव संस्कृतात आणि चरितार्थाची तजवीज मराठीत, अशी ही वाटणी आहे. व्यापारी, तेली, ग्राहक यांना जे कळणे आवश्यक होते, ते त्यांच्या भाषेत कोरले गेले. आद्य मराठीचा नमुना म्हणून आपण हा भाग वर्गात शिकवतो. तो एका संस्थेच्या निर्वाहाचा दस्तऐवज आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

दुसरे उदाहरण याच जळगाव जिल्ह्यातील एरंडोलचे. अंजनी नदीकाठचे हे गाव एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. १८६६ साली येथे नगरपालिका आली आणि तिच्याबरोबर देखरेखीची नवी लिखापढीही आली. अंदाजपत्रक, मजुरांचे मस्टर, मोजमाप पुस्तक, बिल, पूर्णत्वाचा दाखला हे शब्द साऱ्या इलाख्यात याच काळात रुळत गेले. या भाषेत सत्य जसे लिहिता येते तसे असत्यही लिहिता येते, हे मराठी साहित्यात फार लवकर ओळखले ते महात्मा फुले यांनी. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेल्या या लेखकाने ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथासोबत इंजिनिअर खात्यातील कर्मचाऱ्यांच्या लबाडीवर पवाडा छापला. पवाडा म्हणजे वीरांच्या स्तुतीचा प्रकार. तो सरकारी बांधकामाच्या कारभारावर रचावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

देखरेखीचे काम असते तरी कसे? खानदेशची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा पाया दरवर्षी हलका हिसका सोसतो. म्हणून भिंतीतील भेग नुसती बुजवून भागत नाही, ती वाढते आहे की थांबली आहे हे पाहावे लागते. मृगापूर्वी पन्हळी साफ कराव्या लागतात, सांदीत रुजलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे लागते. जुन्या चुन्याच्या बांधणीत सिमेंटने दरजा भरल्या तर आतली ओल अडते आणि अखेर दगडाचेच पापुद्रे निघू लागतात. यांतले कोणतेही काम उद्‌घाटनाजोगे नाही. ते नीट झाले तर काही घडतच नाही, आणि जे घडले नाही त्याची बखर कोण लिहिणार?

एरंडोलच्या पांडववाड्याने हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र केला आहे. लोकपरंपरा एरंडोलला महाभारतातील एकचक्रानगरी मानते आणि या वास्तूस पांडवांचे वास्तव्य जोडते. याच आवारात जुम्मा मशीद आहे आणि तेथे नमाज होते. राज्य संरक्षित स्मारकांत तिची गणना आहे. ही कोणी बांधली, या प्रश्नावरून वाद वाढला. जुलै २०२३मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी तेथील नमाजास अंतरिम मनाई केली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या आदेशास स्थगिती दिली. एप्रिल २०२४मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने मूळ वादात न शिरता पुढील आदेशापर्यंतची व्यवस्था लावून दिली: मशिदीचा ताबा पूर्ववत राहील, संपूर्ण आवाराच्या मुख्य दाराची किल्ली नगरपरिषदेकडे असेल, आणि तिचा अधिकारी पहाटे नमाजापूर्वी दार उघडील.

दार कोणी आणि केव्हा उघडायचे, हा मजकूर रुक्ष आहे. पण पाटणच्या मराठी ओळींचा तो वंशज आहे, असे आम्ही मानतो. बांधले कोणी, या प्रश्नाचे उत्तर मिळेतो वास्तू थांबत नाही. ओल, ऊन आणि पिंपळ यांना निकालाशी कर्तव्य नसते. निर्मितीचा अभिमान माणसांना एकमेकांसमोर उभे करतो. देखभालीची भाषा मात्र वेगवेगळ्या श्रद्धांच्या माणसांना एकाच भिंतीची जबाबदारी वाटून देऊ शकते. तिलाही पक्षपात आणि लबाडी वर्ज्य नाहीत, हे फुल्यांनी दाखवलेच आहे. म्हणूनच ती बारकाईने वाचली पाहिजे.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी प्रशस्तीबरोबर मस्टरही वाचावे, दफ्तरखान्यातील दुरुस्तीची बिले वाळवीच्या हवाली होण्यापूर्वी पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे. शिलालेखाचा शेवटचा परिच्छेद ज्या आस्थेने आपण वाचतो, तितकी आस्था त्या कागदांच्या वाट्यास आली तर राखणाऱ्यांची काही नावे तरी हाती लागतील.