नेमणूकपत्रातलं लवादाचं कलम

मंडळी, पिंपरी पेंढारसारख्या जुन्नरच्या गावांतून आधीच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेल्या, आजची पोरं चाकणला जातात. काहींच्या नेमणूकपत्रात बारीक अक्षरात एक कलम असतं : वाद झाला तर लवादाकडे जायचं, कोर्टात नाही. अशी सही कामगाराला बांधते का, हे आज आपण इतिहासातून पाहू.

सुरुवात 1938 पासून करू. खेर मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक कलह कायदा आणला. आधी तडजोडीच्या पायऱ्या, तोवर संप बेकायदा. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणं, असं डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात मांडलं. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कामगाराच्या संमतीशिवाय लादलेली तडजोड टिकेल का, हा मुद्दा तेव्हापासूनचा आहे.

पुढे 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आला. त्यात 1956 मध्ये कलम 10-अ घातलं गेलं : आपखुशीचा लवाद. पण त्याला अटी होत्या. वाद उभा राहिला किंवा राहण्याची चिन्हं असली की लेखी करार व्हायला हवा होता, त्याची प्रत सरकारकडे जायला हवी होती, तो राजपत्रात छापला जायला हवा होता. आणि व्यापारी लवादाचा 1940 चा कायदा इथे लागू नाही, असं त्याच कलमात लिहिलं. म्हणजे कापसाच्या सौद्याचा लवाद वेगळा, मजुरीचा वेगळा.

1975 मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जो हक्क या कायद्यानेच दिला, त्याची दादही याच कायद्याच्या वाटेने मागायची.

मग किंगफिशर एअरलाइन्सचं प्रकरण. थकलेल्या पगारासाठी कर्मचारी मुंबईच्या कामगार न्यायालयात गेले. कंपनी म्हणाली, करारात लवाद आहे, तिकडे जा. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कामगारांचे वाद सोडवायला कायद्याने खास न्यायालयं नेमली आहेत, ती खासगी कराराने बाजूला सारता येत नाहीत.

एक मात्र ध्यानात ठेवू. हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या 'कामगारा'ला आहे. वरच्या व्यवस्थापकाला तेच लवादाचं कलम बांधू शकतं. म्हणून हुद्द्याचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे, हे न्यायालय पाहतं. आपल्या पोरांनी सही करताना पगाराच्या आकड्याबरोबर ही ओळही वाचावी, आणि सही झालीच असली तरी दाद मागण्याचं दार बंद झालं असं समजू नये.