हातावरचीं अक्षरें

ज्या मुलाला दिसत नाहीं व ऐकूंही येत नाहीं, त्याला शिकवावें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यांत बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे प्रमुख डॉ. सॅम्युएल हौ यांचें स्थान मोठें आहे. १८३७ सालीं त्यांच्याकडे लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी आली. तिची दृष्टि आणि श्रवणशक्ति दोन वर्षांची असतांनाच ज्वरानें हिरावली होती. डॉक्टरांनीं चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंना उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. कित्येक आठवडे ती नुसती नक्कल करी. पण या खुणांनीं आपल्या मनांतलें दुसऱ्याला कळवितां येतें, हें तिला अखेर उमगलें. पुढें ती बोटांच्या ठेवणीनें दुसऱ्याच्या तळहातांत अक्षरें उमटविण्याची करपल्लवी शिकली.

लॉराचें उर्वरित आयुष्य बहुतेक त्याच संस्थेंत गेलें. तेथें १८८० सालीं, निराधारांच्या आश्रयगृहांतून, ॲन सलिव्हन ही जवळजवळ अंध अशी चौदा वर्षांची मुलगी दाखल झाली. लॉराशीं बोलतां यावें म्हणून तीही करपल्लवी शिकली. अशा मुलांचे शिक्षक तयार करणारें विद्यालय तेव्हां नव्हतें. जी एके काळची विद्यार्थिनी, तीच येथें गुरु झाली.

१८८६ सालीं अलाबामा प्रांतांतील केलर कुटुंबानें आपल्या मुलीसाठीं शिक्षिका मागितली, तेव्हां सलिव्हनबाईंची निवड झाली. डॉ. हौ यांचे अहवाल कांहीं महिने अभ्यासून त्या ३ मार्च १८८७ रोजीं टस्कंबिया येथें पोहोंचल्या. हेलनसाठीं त्यांनीं एक बाहुली नेली होती. तिचे कपडे लॉरानें शिवले होते.

५ एप्रिल रोजीं एका हातावर पाण्याची धार आणि दुसऱ्यावर त्याचें नांव, अशा रीतीनें हेलनला शब्दाचा अर्थ कळला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु खरी क्रांति त्यानंतरची. सुमारें सव्वा वर्षाचें एक मूल बोलूं लागण्यापूर्वींच पुष्कळसें समजतें, हें बाईंनीं पाहिलें व ठराविक वेळेचे धडे सोडून दिले. कानांत बोलावें तसें त्या हेलनच्या हातांत पूर्ण वाक्यें बोलूं लागल्या. डॉ. हौ यांनीं वस्तूपासून शब्द शिकविला. बाईंनीं जगण्यांतून भाषा दिली.

तथापि एका असामान्य स्त्रीच्या बुद्धीवर सर्व मुलांचें भवितव्य सोंपवितां येत नाहीं. प्रत्येक मुलानें आपल्या सलिव्हनबाईची वाट पाहावयाची म्हटलें, तर बहुतेकांचें बालपण अंधारांतच सरेल. हें ओळखूनच विसाव्या शतकाच्या मध्यास पर्किन्स संस्थेनें बोस्टन विद्यापीठाच्या साह्यानें अशा शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली. आपल्याकडे मुंबईंत बेरोज वाच्छा यांनीं १९७७ सालीं स्थापिलेल्या संस्थेनें हेंच कार्य हातीं घेतलें; तिला नांव दिलें तें हेलन केलर यांचें.

हौ यांच्याकडून लॉराला, लॉराकडून ॲनला, ॲनकडून हेलनला, अशी ही विद्या हातांतून हातांत गेली. पुढचा हात तयार ठेवणें, हेंच शिक्षकांच्या प्रशिक्षणाचें सारें प्रयोजन होय.