निकाल कोणाचा? : कुस्तीशौकिनांचे मत आणि चीतपटीकडून गुणांकडे झालेला प्रवास

प्रस्तावना

१४ जानेवारी २०२३ रोजी पुण्यातील कोथरूड येथे महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम लढत झाली. शिवराज राक्षे याने महेंद्र गायकवाड याला अल्पावधीतच चीतपट करून मानाची गदा मिळविली. या निकालाबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. तथापि त्यानंतरचे कित्येक दिवस पुण्यातील तालमींत, चहाच्या टपऱ्यांवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चर्चा झाली ती या लढतीची नव्हे, तर त्याआधीच्या माती विभागातील अंतिम कुस्तीची. त्या कुस्तीत गायकवाड याने सिकंदर शेख याच्यावर बाहेरची टांग हा डाव टाकला आणि पंचांनी त्यास चार गुण दिले. शेख धोकादायक स्थितीत गेलाच नव्हता, म्हणून दोनच गुण योग्य होते, असे एक मत. डाव पूर्ण बसला होता, म्हणून चार गुण रास्तच होते, असे दुसरे. वाद इतका विकोपास गेला की, पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचली.

धमकीचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारावयास हवा. ज्याचा कुस्तीशी प्रेक्षक म्हणूनच संबंध आहे, अशा माणसाला निकालावर आपला अधिकार आहे असे का वाटते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध घेतला आहे. प्रस्तुत लेखक स्वतः कुस्तीशौकीन असल्याने काही ठिकाणी शौकिनाची मतेही आली आहेत; ती मते म्हणूनच वाचावीत.

मैदान आणि प्रेक्षक

पुणे शहराचा कुस्तीशी असलेला संबंध पेशवाईपर्यंत मागे जातो. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारले आणि मल्लखांबाच्या सरावाने त्यांना जिंकले, ही कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, शिवरामदादा तालीम ही नावे आजही कुस्तीच्या संदर्भात घेतली जातात. गुरुजी तालमीचे नाव आता मानाच्या तिसऱ्या गणपतीमुळे अधिक परिचित आहे. तालीम ही केवळ व्यायामाची जागा नव्हती. ती पेठेची ओळख होती. तेथे हौद्यात उतरणाऱ्यांइतकेच हौद्याच्या कडेला बसणारेही असत आणि कुस्तीची जाण या कडेवर बसूनच पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होत असे.

मैदानातील प्रेक्षकाचे स्थानही असेच होते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मधील युरोप प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या प्रेरणेने हे मैदान बांधविले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मध्यभागी आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना आहे. कुठेही बसलेल्या माणसाला मल्लाची पाठ मातीला लागली की नाही, हे दिसावे हा या रचनेचा अर्थ होय. जत्रेच्या फडातही हेच तत्त्व होते. जोड सर्वांसमक्ष लावली जाई, जुने मल्ल पंच म्हणून उभे राहत, हलगी घुमत असे आणि पाठ टेकताच मैदानातून एकच आवाज उठे. तो आवाज निकालानंतरची दाद तर होतीच, पण निकालाची साक्षही होती.

चीतपटीकडून गुणांकडे

चीतपटीच्या या निकषाची मर्यादा मात्र जुनीच आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को प्रारंभीच खाली गेला आणि जमिनीला चिकटून राहिला. दोन तासांहून अधिक काळ गामाला त्यास उलटविता आले नाही आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. ठरलेल्या फेरलढतीस झिबिस्को आला नाही, म्हणून गामास विजयी घोषित करण्यात आले. दोघांची गाठ पुन्हा पडली ती १९२८ मध्ये पतियाळा येथे, आणि तेथे गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती मारली. केवळ चीतपट हाच निकष असेल, तर बचाव करणाऱ्यास पराभूत कसे ठरवावे, हा प्रश्न लंडनच्या कुस्तीने उभा केला. गुणपद्धती हे या प्रश्नाचे उत्तर होय.

हे उत्तर महाराष्ट्राच्या मल्लांना परक्या भूमीवर शिकावे लागले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तेथे एका दीर्घ कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढील लढतीस उभे करण्यात आले आणि त्यांची बाजू मांडण्यास भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. मातीत वाढलेल्या मल्लाच्या बाजूने बोलणारे संपूर्ण मैदान असे. गादीवर नियमांचे पुस्तक आणि ते वाचणारा अधिकारी लागतो.

महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ पासून दिला जाऊ लागला. आज या स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते किताबासाठी लढतात. परंतु नाव मातीचे असले तरी निर्णय तेथेही गुणांवर होतो. प्रतिस्पर्ध्यास खाली घेऊन ताबा मिळविल्यास दोन गुण, फेकून थेट धोकादायक स्थितीत आणल्यास चार, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक, असा हिशेब आहे. दोन आणि चार यांतील फरक क्षणार्धात पाठीचा गादीशी झालेला कोन पाहून ठरतो. हा कोन बैठकीच्या शेवटच्या पायरीवरून दिसत नाही. शौकिनाचा डोळा येथे प्रथमच अपुरा पडला.

शौकिनांच्या मतांचे स्वरूप

गुणांच्या कुस्तीस जुने शौकीन कमी लेखतात. ७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडी येथे हर्षवर्धन सदगीर याने शैलेश शेळके याचा ३-२ असा पराभव केला. दोघेही काका पवार यांचे शिष्य, एकाच तालमीत घाम गाळलेले. “पाच गुणांत केसरी ठरला” अशी नापसंती तेव्हा ऐकू आली. प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. एकमेकांचा प्रत्येक डाव ठाऊक असलेल्या दोन मल्लांत खडाखडीच अधिक होणार आणि एखादा गुणच निर्णायक ठरणार, हे स्वाभाविक आहे. शेवटी विजेत्याने पराभूत सहकाऱ्यास खांद्यावर उचलून घेतले, तेव्हा त्या निकालास गुणफलकाहून मोठी मान्यता मिळाली.

गुण संदिग्ध आणि चीतपट मात्र निर्विवाद, ही शौकिनांची आवडती भूमिका. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे ती भूमिकाही डळमळीत झाली. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे यास चीतपट केल्याचे पंचांनी घोषित केले. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असा राक्षे याचा दावा होता. वादात त्याने पंचांची कॉलर धरली व लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीतही गुणावरून वाद होऊन महेंद्र गायकवाड याने मैदान सोडले आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचावर हात उचलणे हा तालमीच्या संस्कारांचाच पराभव होय, याविषयी शंका नाही. परंतु इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे हे की, येथे वाद गुणांचा नव्हता, चीतपटीचाच होता. म्हणजे चीतपटही कोणीतरी पाहावी लागते आणि पाहणाऱ्यावर विश्वास असावा लागतो.

कुस्तीबाहेरही हाच अनुभव येतो. आज तालमीतील तरुण ज्या मिश्र युद्धकलेच्या लढती आवडीने पाहतात, त्यांतील यूएफसी ही स्पर्धा १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे सुरू झाली, तेव्हा वेळेची मर्यादा नव्हती आणि गुण देणारे पंचही नव्हते. १९९५ मध्ये रॉइस ग्रेसी व केन शॅमरॉक यांची लढत ३६ मिनिटे चालूनही बरोबरीत सुटली. पुढे तीन पंच आणि प्रत्येक फेरीस दहा गुण ही पद्धत आली आणि तिच्याबरोबर निकालावरचे वादही आले. लंडनमध्ये १९१० साली जे घडले, त्याचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल.

शौकिनांच्या मतांना ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य आहे. हरिश्चंद्र बिराजदार यांनी बेळगाव येथे सत्पाल यांच्यावर मिळविलेला विजय, ती कुस्ती न पाहिलेले शौकीनही डोळ्यांसमोर घडल्याप्रमाणे सांगतात. बिराजदार पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, त्यामुळे ही स्मृती येथे विशेष जपली गेली. मात्र या साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. मैदानाचे मत हे दीर्घकाळ पुरुषांचेच मत होते. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. तिच्या कुस्तीची पारख करणारी नवी भाषा आता घडते आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मातीतील निकाल आपोआप स्पष्ट असे आणि गादीने तो संदिग्ध केला, हा समज पुरेसा नाही. फरक निकालाच्या स्पष्टतेत नसून साक्षीत आहे. पूर्वी निकालाची जबाबदारी पंच, वस्ताद आणि मैदान यांच्यात वाटलेली असे. गुणपद्धतीने बचावाच्या कुस्तीचा प्रश्न सोडविला, परंतु ती जबाबदारी एकट्या पंचाच्या हाती दिली. प्रेक्षकाचा अधिकार गेला. अधिकाराची जाणीव मात्र राहिली. आजच्या रोषाचे मूळ येथे आहे.

यावर उपाय जुन्या काळाकडे परतण्यात नाही. दोन गुण का व चार गुण का, हे चित्रफितीसह त्याच क्षणी मैदानाला समजावून सांगण्याची प्रथा पडली, तर शौकीन पुन्हा साक्षीदार होऊ शकेल. निकाल हा पंचांचाच राहील आणि तसाच तो राहावा. परंतु तो मैदानालाही दिसला पाहिजे, ही अपेक्षा खासबागेच्या बांधणीइतकी जुनी आहे आणि ती अवाजवी नाही.