अमली पदार्थांचा कायदा आणि फिर्यादीचे मौन

१८७८ च्या अफू अधिनियमाचा रोख मुख्यतः उत्पादन, बाळगणे, वाहतूक व विक्री यांवर होता. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाच्या कलम २७ ने सेवनालाही शिक्षा सांगितली. परिणामतः नशेच्या अवस्थेत लुटल्या गेलेल्या मनुष्यास फिर्याद देताना आपणच आरोपी ठरू, हे भय वाटते. संसदेला या भयाची जाणीव नव्हती असे नाही. त्याच अधिनियमाखालील अपराधांच्या पुराव्यासाठी कलम ६४ अन्वये शासन अभय देऊ शकते. १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६४-अ ने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनासही खटल्यापासून संरक्षण दिले. साक्षीदार व रुग्ण यांची अशी सोय झाली. फिर्यादीची मात्र राहिली. त्याच्या मौनाचा लाभ अखेर लुटारूलाच मिळतो.