बाळूच्या चेंडूला विटाळ नव्हता

मुंबईच्या गिरण्यांत एक काळ असा होता, की आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं. आपल्या थुंकीनं सवर्ण विणकरी बाटायचा. मग आपल्या वाट्याला त्रासन. मीही त्रासनातच उभा असतो. बाळू पालवणकरबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हा धोटा आठवला.

बाळू जातीनं चांभार. जन्म धारवाडचा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर नोकरी. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी करायची. ग्रेगसारखा नावाजलेला फलंदाज त्याच्या डावऱ्या फिरकीवर सराव करायचा. बाळूच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही.

पुढं गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. मैदानावर त्याचा चेंडू सगळे झेलत. चहाला मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचं भांडं. आता तुम्हीच सांगा, विटाळ चहाला व्हायचा तर चेंडूला का नाही? चेंडू विकेटी काढत होता म्हणून!

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळू होता, भाऊ शिवराम होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. २३ सामने खेळला, १५ हरला. त्या हरणाऱ्या संघात बाळूनं ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीचे म्हणाल तर ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. असले आकडे एका दिवसाच्या जोरावर होत नाहीत. पाळीमागून पाळी भरावी तसा हा माणूस टाकत राहिला.

आणि मिळालं काय? हिंदू संघाची कप्तानी त्याला कधी दिली नाही. १९२० साली उपकप्तानी, तीही भांडून. १९२३ साली धाकटा विठ्ठल कप्तान झाला, तोवर बाळूचा खेळ संपला होता. भारताची पहिली कसोटी झाली १९३२ साली.

दोस्तहो, आता जरा आपल्यावरही येऊ. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला. बाबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. तेव्हापासून आपल्या भिंतीवर त्याला जागा नाही. मी त्या वेळी असतो तर मत बाबांनाच दिलं असतं, यात वाद नाही. पण बाळू चुकला म्हणून त्या मातीच्या भांड्यातला चहा गोड होतो का? सवर्णांनी त्याला जातीपायी विसरावं आणि आपण मतापायी, हा कुठला न्याय?

१९५५ साली तो गेला. आमच्या गल्लीत पोरं टेनिसच्या चेंडूवर खेळतात. त्यांना मी बाळूचं नाव सांगतो. डावऱ्या पोराला दोनदा.