जड गोळी आणि दोन प्रकारचे रान : जालना परिसरातील शिकारी बंदुकांचा एक इतिहास

औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. परंतु शिकारीच्या शस्त्रांचा इतिहास पाहू लागल्यास या सीमारेषेपेक्षा जमिनीची ठेवण अधिक बोलकी ठरते. दक्षिणेस गोदाकाठी अंबड, घनसावंगी आणि परतूर या भागांत काळी, सपाट आणि उघडी जमीन आहे, जेथे काळवीट माणसाला दुरूनच हेरते. उत्तरेस भोकरदन आणि जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरतात, नाले खोल होतात आणि झुडपांच्या जाळीत रानडुक्कर, बिबट्या आणि एकोणिसाव्या शतकात वाघही वीस-तीस पावलांवर उठत असे. काळ्या दारूवर चालणारी, रुंद नळीची आणि आजच्या मानाने संथ बंदूक घेऊन या दोन्ही रानांत उतरणाऱ्या शिकाऱ्यापुढे, नळीत कोणती गोळी भरावी हा प्रश्न म्हणूनच दोन वेगवेगळ्या रूपांत उभा राहत होता.

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या काळ्या दारूची एक अंगभूत मर्यादा असते : ठरावीक प्रमाणानंतर ती कितीही वाढवली तरी गोळीचा वेग त्या मानाने वाढत नाही, फक्त खांद्याला बसणारा धक्का वाढतो. वेग वाढत नसेल तर वजन वाढवावे, हाच मार्ग उरतो आणि त्यातूनच रुंद नळीच्या बंदुका आल्या. नळीची रुंदी ‘बोअर’मध्ये मोजली जाई, म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शुद्ध शिशाच्या किती गोल गोळ्या एका पौंडात होतात, तो आकडा. बारा बोअरची गोळी पौंडाचा बारावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३८ ग्रॅमची, तर आठ बोअरची जवळजवळ ५७ ग्रॅमची. आकडा जितका लहान, तितकी गोळी जड.

या भूमीवर अशा जड गोळ्यांचा सर्वांत मोठा वर्षाव शिकारीत नव्हे, युद्धात झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ, केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली, तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाच्या हाती पाऊण इंच रुंद नळीच्या चकमकी बंदुका होत्या. त्यांची शिशाची गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असे, कारण काही बार उडाल्यावर नळीत काजळी साचते आणि घट्ट गोळी गजाने ठासूनही खाली उतरत नाही. या ढिलेपणामुळे गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे नेम हा नशिबाचा भाग ठरे. समोर उभ्या पलटणीवर एकदम बार काढताना हे चालून जाते; चरणाऱ्या काळविटावर चालत नाही.

स्थानिक शिकाऱ्याची तोडेदार बंदूक याहून जुन्या रचनेची होती. कानात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू भरायची, चाप ओढताच जळती जामगी तिच्यावर टेकायची आणि बार उडेपर्यंत नेम हलू द्यायचा नाही, असा तो खटाटोप असे. अशा बंदुकीवाल्याने गोळीच्या निवडीचा प्रश्न गोळीने सोडवलाच नाही. त्याने अंतर कमी केले. पाणवठ्याजवळ खड्डा करून किंवा मचाण बांधून तासन्‌तास बसणे, जनावर पुरते आडवे होईपर्यंत थांबणे आणि मगच चाप ओढणे, ही त्याची पद्धत होती. पारधी समाजातील शिकारी तर बंदुकीवाचूनच फासे आणि जाळी यांवर काळवीट धरीत. इंग्रजी शिकारग्रंथांनी या कौशल्याला तळटीपेइतकीच जागा दिली, हा त्या ग्रंथांचा दोष आहे.

जालन्यास हैदराबादच्या तैनाती फौजेचे ठाणे होते. १८१७ मध्ये तिचा सेनापती जनरल डव्हटन याच फौजेसह नागपूरकडे गेला. पुढे निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी येथील छावणीत राहिल्या. अशा छावण्यांमधील गोऱ्या अधिकाऱ्यांचा फावला वेळ बहुतांशी शिकारीत जाई. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये युरोपीयांच्या नजरेस पडली तीही मद्रास फौजेतील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघामागे त्या घळीत गेला म्हणूनच. मोकळ्या पठारावर मात्र रानडुकराला गोळी घालणे हे अधिकारी कमीपणाचे मानीत. तेथे घोड्यावरून भाल्यानेच त्याचा पाठलाग व्हावा असा संकेत होता. बंदूक त्याच्यावर चाले ती घोडा जाऊ शकत नाही अशा नाल्यांत.

नळीत पेचदार खाचा असलेली रायफल सर्रास वापरात आल्यावर गोळीचा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला. सैन्याच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची लांबट गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅमची होती आणि तिच्यामागे दारू फक्त सत्तर ग्रेनच्या आसपास असे. बंगाल स्टाफ कोअरमधील आणि पुढे निमाडचा डेप्युटी कमिशनर झालेला जेम्स फॉर्सिथ याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर १८६० च्या दशकात जे पुस्तक लिहिले, त्यात या लांबट गोळीलाच त्याने आव्हान दिले. त्याचा आग्रह चौदा बोअरच्या गोल गोळीचा होता. तिचे वजन ५०० ग्रेन, म्हणजे एन्फिल्डच्या गोळीइतकेच म्हणावे असे; परंतु तिच्यामागे तो पाच ड्रॅम, म्हणजे सुमारे १३७ ग्रेन दारू घालीत असे, जवळजवळ दुप्पट. मऊ शिशाच्या गोळीमागे एवढा जोर लावला तर जलद पेचाच्या खाचा तिला धरू शकत नाहीत आणि ती खाचांवरून सरकते, म्हणून त्याने पेच अतिशय संथ ठेवला : १०४ इंचांत एक फेरा. गोल गोळीला स्थिर राहण्यासाठी तेवढे फिरणे पुरते.

या हिशेबाचे मर्म गोळीच्या खाली येण्यात आहे. सरासरी वेग सेकंदाला १,२०० फूट धरला, तर शंभर यार्ड जायला गोळीला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे एक फूट खाली येते. दोनशे यार्डांवर हीच घसरण चार फुटांहून अधिक होते, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी काळविटाच्या पोटाखालून जाते. घनसावंगीसारख्या उघड्या मैदानात, जेथे अंतर ठरवायला झाड किंवा बांधही मध्ये नसतो, हा दोष सर्वांत अधिक जाचतो. त्याच मैदानात फॉर्सिथच्या गोल गोळीचीही उणी बाजू उघडी पडते, कारण गोल गोळी हवेत वेग झपाट्याने गमावते. तिचे राज्य शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंतच. डोंगराळ जंगलात शिकार करणाऱ्या फॉर्सिथला तेवढे पुरेसे होते; गोदाकाठच्या पठारावर पुरले नसते.

तेथे उपयोगी पडली ती ‘एक्सप्रेस’ रायफल. १८५६ मध्ये पर्डी या लंडनच्या बंदूक कारागिराने आगगाडीच्या नावावरून हे नाव रूढ केले. नळी तुलनेने अरुंद, गोळी हलकी व पुढे बहुधा पोकळ, दारू भरपूर, असे तिचे स्वरूप होते. काळविटासारख्या चाळीस किलोच्या जनावरासाठी ती उत्तम. परंतु वाघ किंवा जुना रानडुक्कर यांच्यावर पोकळ गोळी खांद्याच्या स्नायूंतच फुटून जाई. नर डुकराच्या खांद्यावर तर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकर याने १८९० च्या आपल्या ग्रंथात याच कारणासाठी पोकळ गोळीचा निषेध केला आणि वाघासाठी .५७७ रायफलीची, सुमारे साडेसहाशे ग्रेन वजनाची, शुद्ध मऊ शिशाची भरीव गोळी सुचवली. अशी गोळी अंगात शिरताच छत्रीसारखी पसरते आणि पलीकडच्या कातडीखाली थांबते. म्हणजे तिचा सारा जोर जनावरातच खर्ची पडतो. कथील मिसळून कठीण केलेली गोळी गव्यासारख्या जाड हाडाच्या जनावरासाठी योग्य, पण जालन्याच्या रानात तिची गरज नव्हती. वाघाच्या आरपार जाऊन ती पलीकडच्या मातीत रुतली असती.

चुकीच्या गोळीची किंमत मात्र ती निवडणाऱ्याने क्वचितच मोजली. जखमी वाघ झुडपात शिरला की त्याचा माग काढायला पुढे होत ते गावचे हाकेकरी आणि मागकरी, तेही बहुधा काठी-कुऱ्हाडीनिशी, तर साहेब मचाणावर किंवा हत्तीवर असे. मऊ व कठीण शिशाच्या वादाकडे या बाजूने पाहिले, तर तो केवळ हौशी लोकांचा काथ्याकूट उरत नाही.

शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि .३०३ सारख्या अरुंद नळीने वेगाचा प्रश्न निकालात काढला. तिची निकेलचे कवच असलेली गोळी मात्र पसरेना, म्हणून कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. शिकारीत ती चालू राहिली. इकडे जालन्याच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंट १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अध्याय मिटवला आणि आज काळविटावर गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. कापूस-मक्याची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांबाबत अधिकृत परवानगीची तरतूद त्या कायद्यात आहे, पण ते जनावर कोणी, कोठे आणि कोणत्या अटींवर मारायचे, हे आता बंदूकवाला नव्हे, वनखाते ठरवते.