जावास्क्रिप्टची परीक्षा आणि १९९५ चे ते दहा दिवस

आजच्या भागात आधी परीक्षा आहे आणि मग इतिहास. पाच प्रश्न विचारतो. सगळे जावास्क्रिप्टच्या ‘बेसिक्स’मधले, कॅम्पस प्लेसमेंटला आणि मोबाइलवरच्या क्विझमध्ये हमखास येणारे. बसमध्ये असाल तर मनात उत्तर धरा. घरी असाल तर पॉज करून कागदावर लिहा.

पहिला प्रश्न. टाइपऑफ नल लिहिलं तर काय उत्तर येतं?

दुसरा. रिकामी स्ट्रिंग == ० हे खरं की खोटं? आणि रिकामी स्ट्रिंग == स्ट्रिंगमधला ‘०’, हे खरं की खोटं?

तिसरा. न्यू डेट लिहून कंसात २०२४, १, १५ असे आकडे दिले. तारीख कोणत्या महिन्यातली?

चौथा. व्हार वापरून आय हे व्हेरिएबल ० पासून २ पर्यंत फिरवलं. प्रत्येक फेरीत सेटटाइमआउट लावून एका सेकंदाने आय छापायला सांगितलं. काय छापलं जाईल?

पाचवा. ०.१ + ०.२ हे ०.३ च्या बरोबर आहे का?

झालं? आता उत्तरं ऐका. पहिलं, ‘ऑब्जेक्ट’. दुसरं, आधीचं खरं आणि नंतरचं खोटं. तिसरं, फेब्रुवारी. चौथं, ३, ३, ३. पाचवं, नाही.

पाचपैकी एक-दोनच बरोबर आले असतील तर लगेच नाराज होऊ नका. माझं आजचं म्हणणंच हे आहे की यातले बहुतेक प्रश्न तुमचं लॉजिक तपासत नाहीत. ते इतिहासाचे प्रश्न आहेत. फक्त पेपरवर विषयाचं नाव चुकीचं छापलंय.

तर चला, १९९५ सालात जाऊ. कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू, कंपनी नेटस्केप. तेव्हा इंटरनेट म्हणजे बऱ्याच लोकांसाठी नेटस्केपचा ब्राउझर. त्या एप्रिलमध्ये ब्रेंडन आइक नावाचा प्रोग्रामर तिथे रुजू झाला. त्याला आमिष दाखवलं होतं की ब्राउझरमध्ये ‘स्कीम’ ही भाषा बसवायचं काम मिळेल. स्कीम म्हणजे विद्यापीठांत मान असलेली, छोटी आणि देखणी भाषा. पण तोवर सन कंपनीच्या जावाचा बोलबाला सुरू झाला होता आणि नेटस्केपची सनशी बोलणी चालली होती. वरून आदेश आला, भाषा दिसायला जावासारखी हवी. शिवाय लवकर हवी, कारण मायक्रोसॉफ्ट मागे लागलेली होती.

मे महिन्यात आइकने दहा दिवसांत पहिला नमुना उभा केला. नाव होतं मोका. पुढे ते लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि ४ डिसेंबर १९९५ ला नेटस्केप आणि सनने मिळून जावास्क्रिप्ट हे नाव जाहीर केलं. नावात जावा आहे, पण भाषा वेगळी. फंक्शनची कल्पना स्कीमकडून आली, प्रोटोटाइपची ‘सेल्फ’ या भाषेकडून, आणि कपडे तेवढे जावाचे.

आता एकेक उत्तर घेऊ.

टाइपऑफ नल. त्या पहिल्या इंजिनमध्ये प्रत्येक व्हॅल्यूला आतून एक छोटी खूण जोडलेली असायची. हा नंबर आहे, ही स्ट्रिंग आहे, वगैरे. ऑब्जेक्टची खूण होती शून्य. आणि नल म्हणजे मेमरीत सगळीकडे शून्यच. टाइपऑफने खूण पाहिली, शून्य दिसलं, म्हणाला ‘ऑब्जेक्ट’. बास, एवढंच. यात काही खोल तत्त्वज्ञान नाही, तो बग आहे. पण आज तो नियम म्हणून शिकवला जातो.

आता दोन बरोबरची चिन्हं. आइकने सुरुवातीला तुलना काटेकोर ठेवली होती. पण नेटस्केपमधल्याच सुरुवातीच्या वापरकर्त्यांना स्ट्रिंग आणि नंबर थेट ताडून बघायचे होते, मध्ये रूपांतराची कटकट नको होती. त्याने ऐकलं, आणि पुढे त्याचा पस्तावाही जाहीरपणे बोलून दाखवला. या ढिलाईमुळे रिकामी स्ट्रिंग शून्याच्या बरोबर ठरते, शून्य हे स्ट्रिंगमधल्या ‘०’ च्या बरोबर ठरतं, पण त्या दोन स्ट्रिंग एकमेकींच्या बरोबर नाहीत. शाळेत शिकलेलं ‘अ बरोबर ब, ब बरोबर क, म्हणून अ बरोबर क’ इथे चालत नाही. तेव्हा तुमचं उत्तर चुकलं असेल, तर तुमचं गणित शाबूत आहे असं समजा.

गंमत म्हणजे नेटस्केपने हे सुधारून पाहिलं. जावास्क्रिप्ट १.२ मध्ये त्यांनी == पुन्हा काटेकोर केलं. पण एव्हाना मायक्रोसॉफ्टने १९९६ साली इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये आपली जेस्क्रिप्ट आणली होती, आणि भाषेचं प्रमाणीकरण जिनिव्हाच्या एक्मा या संस्थेकडे गेलं होतं. जून १९९७ मध्ये पहिलं प्रमाण छापलं गेलं, त्यात जुनीच वागणूक कायम राहिली. मग नेटस्केपलाही मागे यावं लागलं. तोडगा निघाला डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत. जुनं तसंच ठेवलं आणि शेजारी तीन चिन्हांचं === आणून बसवलं. जुन्या घराची भिंत पाडता येत नाही म्हणून बाजूला नवी खोली काढतात, तसं.

तिसरं, डेट. ‘जावासारखं करा’ हा आदेश इथे अक्षरशः पाळला गेला. जावाचा डेट क्लास जवळजवळ जसाच्या तसा उचलला. जावाने महिने शून्यापासून मोजायची पद्धत सी भाषेकडून घेतली होती. तिथे महिना ० ते ११, कारण तोच आकडा महिन्यांच्या नावांच्या यादीत थेट वापरता येतो. म्हणून १ म्हणजे फेब्रुवारी. दिवस मात्र १ पासून! वर्षाचं तर आणखी वाईट. गेटइयर हे फंक्शन १९०० वजा करून वर्ष द्यायचं. १९९९ पर्यंत लोक पुढे ‘१९’ चिकटवून मोकळे होत. २००० साल उजाडलं तेव्हा गेटइयरने दिलं १००, आणि काही वेबसाइटवर वर्ष झळकलं १९१००. जावाने त्या डेटमधली बरीचशी फंक्शन्स १९९७ सालीच ‘वापरू नका’ म्हणून बाजूला काढली. नक्कल करणाऱ्याच्या गळ्यात मात्र ती राहिली.

चौथं, व्हार. व्हारचं व्हेरिएबल कंसापुरतं नसतं, ते अख्ख्या फंक्शनचं असतं. तिन्ही सेटटाइमआउट एकाच आयकडे बघत बसतात. त्यांची पाळी येईपर्यंत लूप संपलेला असतो आणि आय ३ वर पोचलेला असतो. कंसापुरतं व्हेरिएबल का नव्हतं? दहा दिवसांत त्याला वेळ मिळाला नाही, असं आइकनेच नंतर सांगितलंय. ती उणीव ‘लेट’ने भरून काढली, जून २०१५ मध्ये. म्हणजे वीस वर्षांनी.

आणि पाचवं. इथे जावास्क्रिप्टवर उगाच आळ येतो. ०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. पायथॉनमध्येही हेच येतं. याचं मूळ आहे १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या प्रमाणात. बर्कलीचे प्राध्यापक विल्यम कहान यांचा त्यात मोठा वाटा होता. आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलो की ०.३३३ करत राहतो, संपतच नाही. तसंच एक दशांश दोनच्या पद्धतीत लिहिताना संपत नाही. कुठेतरी तोडावं लागतं. हे मात्र खरंच समजून घ्या, कारण उद्या तुम्ही पेमेंटचा कोड लिहाल. तिथे रुपये अपूर्णांकात ठेवू नका, पैसे पूर्णांकात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, बाकीच्या चार गोष्टी दुरुस्त का करत नाहीत? टाइपऑफ नल दुरुस्त करायचा प्रस्ताव आला होता. नाकारला गेला, कारण त्याच चुकीवर विसंबलेला कोड जगभर चालू आहे. वेबवर ‘जुनी आवृत्ती वापरा’ असं सांगायची सोय नाही. ब्राउझर आपोआप अपडेट होतो, पण दहा वर्षांपूर्वीची वेबसाइट कोण अपडेट करणार? २०१८ साली समितीला ॲरेसाठी ‘फ्लॅटन’ नावाचं नवं फंक्शन आणायचं होतं. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने आधीच त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन करून ठेवलं होतं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत नवं फंक्शन टाकल्यावर एक जुनी साइट बिघडल्याचं दिसलं. बरीच चर्चा झाली, आणि शेवटी नाव बदलून नुसतं ‘फ्लॅट’ ठेवलं. कुणाची तरी विसरलेली साइट चालू राहावी म्हणून अख्ख्या भाषेने नाव बदललं.

मला ही गोष्ट आवडते. कारण त्याच शिस्तीमुळे नव्वदच्या दशकातला साधा कोड आजच्या तुमच्या फोनवर चालतो. टाइपऑफ नल ही त्याची किंमत आहे.

पण मग परीक्षेचं काय? असा प्रश्न विचारून नक्की काय मोजलं जातं? बहुतेक वेळा हेच, की ही खोच तुम्हाला कुणी आधी सांगितली होती का. ज्याचा भाऊ आयटीत आहे, ज्याच्या कॉलेजात चांगले सीनियर आहेत, त्याला ती आधीच कळलेली असते. तालुक्याच्या गावाहून आलेल्या, घरातल्या पहिल्याच इंजिनिअर मुलीला ती कळलेली नसते. डोकं दोघांचं सारखंच चालतं. आणि उत्तर चुकलं की ती घरी जाऊन म्हणते, मला कोडिंग जमत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. इंटरव्ह्यू देणार असाल तर उत्तराबरोबर त्यामागचं कारण शिका. ‘ऑब्जेक्ट येतं, कारण जुन्या इंजिनात दोघांची खूण शून्य होती’ असं सांगितलंत की समोरचा पाठांतर आणि समज यातला फरक ओळखतो. आणि उद्या तुम्हीच त्या खुर्चीत बसलात, तर उत्तर आधी सांगून टाका आणि मग विचारा, ‘असं का झालं असेल? हे बदलायचं ठरवलं तर काय काय मोडेल?’ तिथे खरं डोकं दिसतं.

जाता जाता घरचा अभ्यास. नॅन म्हणजे ‘नंबर नाही’. तरी टाइपऑफ नॅनचं उत्तर ‘नंबर’ येतं. का? मागमूस पाचव्या प्रश्नात आहे. शोधा, आणि मैत्रिणीला नाहीतर मित्राला समजावून सांगा. पुढच्या भागात भेटू!